पाहिलं की ऐकलं?

“...आणि या सभेला पन्नास हजारांचा जनसमुदाय लोटला होता.” चात्तूएट्टननी वाक्य संपवलं आणि पेपर गुडघ्यावर टेकवला.

“पाहिलं की ऐकलं?” खालच्या चटईवरून पोक्कनने विचारलं.

“पाहिलं. ‘आमच्या बातमीदाराकडून’ असं छापलंय.”

“बातमीदार उभा कुठं होता?”

“आता ते कसं छापतील? व्यासपीठाजवळच असणार.”

“मग अर्धे कर. व्यासपीठावरून डोकी दुप्पट दिसतात.”

शेडमध्ये हशा पिकला. चाळीस जणांच्या मांडीवरची चाळीस सुपं हलली, तंबाखूची धूळ उडाली, दोघीतिघी शिंकल्या. युनियनचा सेक्रेटरी भास्करन तेवढा हसला नाही.

“आपल्या पेपरातली बातमी आहे ही, पोक्कनएट्टा.”

“म्हणून तर अर्धे म्हटलं. त्यांच्या पेपरात असती तर पावच धरले असते.”

आमच्या शेडमध्ये पेपर वाचायचा नसे, ऐकायचा असे. हात विड्यांत गुंतलेले, कान मात्र मोकळे. म्हणून आम्ही आमच्यातलाच एक जण उंच स्टुलावर बसवलेला. त्याने वाचायचं, आणि त्याच्या वाटच्या विड्या आम्ही बाकीच्यांनी मिळून वळायच्या. कण्णूरकडच्या बहुतेक शेडमधली ही रीत. इतर ठिकाणी वाचणारा दोन-चार वर्षांनी बदलायचा. कोणाचा घसा बसायचा, कोणाला आखातात नोकरी लागायची. आमच्याकडे एकोणतीस वर्षं एकच माणूस त्या स्टुलावर होता, चात्तूएट्टन. एट्टन म्हणजे थोरला भाऊ, तशी एच्ची म्हणजे थोरली बहीण. मी सातवीनंतर शाळा सोडून शेडमध्ये आले, तेव्हा पहिल्या दिवशी मला कोणी विडी वळायला शिकवलं ते आठवत नाही. पण त्या दिवशी चात्तूएट्टननी कुठल्याशा दूरच्या देशातल्या भूकंपाची बातमी वाचली होती, ती अजून कानात आहे. मेलेल्यांची नावं ते हळू वाचत. झोपलेल्या घरातून माणूस पाऊल न वाजवता जातो, तसे त्या नावांतून जात.

शेडमध्ये तीन पेपर यायचे. ‘जनरश्मी’ पहिल्या बसने. तो ‘आपला’. ‘मलबार दूत’ अकराच्या बसने. तो ‘त्यांचा’. त्यांचा म्हणजे नेमका कोणाचा, हे विचारायची पद्धत नव्हती. जे आपले नाहीत, त्यांचा. आणि तिसरा ‘सायंतारा’. तो संध्याकाळी यायचा आणि कोणाच्या घरात काय शिजतंय ते सांगायचा, म्हणून त्याचं नाव ‘शेजारीण’.

बातमी कशी पाखडायची हे आम्हाला चात्तूएट्टननी शिकवलं. स्वतः पाचवी शिकलेला माणूस, ताडी काढणाऱ्याचा मुलगा. पण म्हणायचे, “सूप मांडीवर घेऊन बसता ना? मग बातमीही पाखडून घ्या. ‘आमच्या बातमीदाराकडून’ म्हणजे डोळे. ‘असे समजते’ म्हणजे कान. आणि ‘जाणकारांच्या मते’ म्हणजे नाक. बाजारात मासा आलाय एवढं नाकाला कळतं, कोणता आलाय ते कळत नाही.” आणखी म्हणायचे, “आपला चुकला तर आपला कधी सांगणार नाही, ते त्यांच्यात शोधायचं. त्यांचा चुकला तर आपल्यात. दोघं मिळून गप्प बसले, तर शेजारणीला विचारायचं.”

रोज सकाळी मिठाच्या पाण्याने गुळण्या करून यायचे. शर्ट काढून खुंटीला लावायचे, खांद्यावरच्या पंच्याने स्टूल पुसायचे आणि बसायचे. लग्न झालं होतं, लक्ष्मीएच्ची तिसऱ्या वर्षीच तापाने गेली. मूलबाळ नाही. घरी बहिणीच्या हातची पेज खायची आणि दिवसभर आम्हाला जग वाढायचं, एवढाच त्यांचा संसार.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी स्टूल खिडकीशी ओढून घेतलं. “इथं वारा बरा लागतो,” म्हणाले. मग म्हणायला लागले, “हल्ली शाई पातळ करतात मेले.” पेपर धरलेला हात आणखी आणखी लांब जायला लागला. पोक्कन थट्टा करायचा, “चात्तू आता पेपराला मान द्यायला लागला. लांबूनच बोलतो त्याच्याशी.” आम्ही हसायचो. एकोणतीस वर्षं आम्ही प्रत्येक बातमी पाखडली, पण ती सांगणारा आवाज कधी सुपात घेतला नाही. भिंत धरून चालणारा माणूस भिंत तपासत बसत नाही.

तर त्या दिवशी दहावीचा निकाल होता.

तेव्हा निकाल पेपरातच छापून यायचा. पास झालेल्यांचे नुसते नंबर, मुंग्यांच्या रांगेसारखे, पानभर. आमच्या शेडमधली तीन मुलं बसली होती. भास्करनचा भाचा, पोक्कनचा नातू आणि चिरुतेच्चीची वनजा.

चिरुतेच्ची माझ्या शेजारची. तिचा नवरा नदीच्या पुलाच्या कामावर वरून पडला, तेव्हा वनजा तीन वर्षांची होती. तेव्हापासून ही बाई आणि हे सूप. तिला अक्षर येत नव्हतं. विडीचं पान कापताना स्वतःशीच गुणगुणायची, आणि गुणगुणायची तेही हेच:

माझ्या बोटांवरी बाई, रंग तंबाखूचा पक्का
लेकीच्या बोटांवरी दे ग शाईचा ठिपका

वनजाला मास्तरीण व्हायचं होतं. पास झाली तर ट्रेनिंगला जायची. नापास झाली तर दुसऱ्यांदा बसवायला घरात दम नव्हता. तर शेड. हे मायलेकींचं आधीच ठरलेलं. रडून भेकून नाही, मीठ-मिरची ठरवावी तसं.

“वाचा हो एट्टा आता,” कोणीतरी म्हणालं. “पन्नास हजारांचं नंतर बघू.”

चात्तूएट्टननी पान उलटलं. लांब धरलं, खिडकीकडे कलवलं. आमच्या हातांचा वेग आपोआप कमी झाला. चाळीस कात्र्या एकदम दबक्या झाल्या.

“एक्केचाळीस हजार आठशे एक... आठशे दोन... आठशे पाच...”

“आला!” भास्करन ओरडला. आठशे पाच त्याचा भाचा.

“...आठशे नऊ... आठशे बारा...”

चिरुतेच्चीचा हात थांबला. वनजाचा नंबर एक्केचाळीस हजार आठशे सहा. पाचनंतर नऊ आला होता. मधे काही नव्हतं.

पोक्कनच्या नातवाचाही नंबर नव्हता. पण त्याची तिसरी खेप. पोक्कनने नुसतं “यंदाही पेपराला आमचं घर सापडलं नाही,” म्हणून दोरा दातांनी तोडला.

“एट्टा,” चिरुतेच्ची म्हणाली, “परत एकदा वाचता?”

त्यांनी परत वाचलं. सावकाश, एकेक नंबर तांदळातल्या खड्यासारखा वेचत. पाच. नऊ. बारा.

“बरं,” ती म्हणाली.

तिने विडीचं पान उचललं, वर मापाचा पत्रा ठेवला, कात्री फिरवली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. थोड्या वेळाने ती वर न बघता म्हणाली, “भास्करा, सोमवारपासून तिचं नाव घाल हजेरीत.”

भास्करनने मान हलवली. भाचा पास झाल्याचा त्याचा आनंद त्याने खिशात घातला, हे मात्र मी पाहिलं. चात्तूएट्टननी त्या दिवशीचा अग्रलेख वाचला, पण कोणी काही विचारलं नाही. न पाखडलेली बातमी तशीच आमच्यावरून गेली.

अकराच्या बसने ‘त्यांचा’ आला. चहा झाला होता. चात्तूएट्टननी सवयीचं पहिलं पान सोडलं आणि आधी निकालाचं उघडलं. कशाला, कोण जाणे. ‘मलबार दूत’ची अक्षरं नेहमीच ठसठशीत. आम्ही म्हणायचो, खोटं मोठ्याने बोलावं लागतं.

ते बघत राहिले. मग घसा खाकरला.

“एक्केचाळीस हजार आठशे पाच,” ते म्हणाले, “आठशे... सहा.”

कात्र्या थांबल्या.

“काय म्हणालात?”

“आठशे सहा. यांच्यात आहे.”

मग जो गलका झाला! एरवी एकेक जण बोलायची रीत, तेव्हा सगळी शेड एकदम बोलत होती.

“त्यांचा पेपर!” भास्करन उभाच राहिला. “मागच्या निवडणुकीत आपला माणूस निवडून आला, तर पडला म्हणून छापणारा! त्याच्यावर विश्वास?”

“दुसऱ्या दिवशी चूक झाली म्हणून छापलं होतं की,” पोक्कन म्हणाला.

“एवढंसं! कुंकवाएवढं!”

“आपल्याने कधी तेवढंही लावलं नाही कपाळाला.”

“अहो, पण नंबरात कसलं राजकारण?” मी म्हटलं.

“नाणी, तू लहान आहेस. गरिबाला खोटी आशा दाखवायची आणि मग—”

“मग काय, भास्करा? दहावीच्या पोरीकडून त्यांना मतं हवीत?” पोक्कनने मधेच विचारलं.

चिरुतेच्ची या सगळ्यात बसून होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, आणि तेच मला सकाळच्या ‘बरं’पेक्षा वाईट वाटलं. ती माझ्या कानाशी म्हणाली, “नाणी, तेरा वर्षं मी त्या पेपराला शिव्या घातल्या ग. आज तो माझी पोर पास म्हणतो आणि आपला नापास म्हणतो. आता मी कोणाला खरं मानू? मला बरं वाटतंय म्हणून त्याला खरं मानू?”

तेवढ्यात कोणीतरी मत घ्यायची सूचना मांडली. आमच्याकडे चहात साखर किती, इथपासून मत घ्यायची सवय. भास्करनने हात मोजले. आपल्या बाजूने अठरा. त्यांच्या बाजूने वीस. चिरुतेच्चीने हात वर केला नाही.

“ठराव मंजूर!” पोक्कन म्हणाला. “वनजा दोन मतांनी पास.”

“हात खाली करा,” चात्तूएट्टन म्हणाले.

त्यांचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. तरी हात खाली गेले.

“पोर पास आहे की नाही, हे हात वर करून ठरत नाही. दोन पेपर भांडले की ज्याचं म्हणणं गोड लागतं तो खरा, असं नसतं. जिथं घडलं तिथं जाऊन बघायचं.” ते स्टुलावरून उतरले. खुंटीचा शर्ट घातला. कोपऱ्यातली छत्री घेतली.

“या उन्हात?” पोक्कन म्हणाला. “हायस्कूल तीन मैल आहे, चात्तू. जेवणाची सुट्टी होऊ दे, कोणीतरी जाईल सायकलने.”

“वाचलं मी. जायचंही मीच.”

दोन्ही पेपर स्टुलावर ठेवून ते गेले. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर त्यांची काळी छत्री बराच वेळ दिसत होती. चढावर एकदा थांबली, मग पलीकडे उतरली.

एकोणतीस वर्षांत कामाच्या वेळी ते स्टूल रिकामं असं आम्ही पाहिलं नव्हतं.

मग चिरुतेच्ची उठली. पदराला हात पुसले. तंबाखूचा रंग काही जात नाही, पण तिने पुसले. स्टुलापाशी गेली आणि ‘आपला’ उचलला.

“अगं, तुला काय कळणार त्यातलं?” भास्करन म्हणाला.

“अक्षर नाही कळत,” ती म्हणाली. “पण आठशे सहा कळतो.”

तीन महिने तो नंबर तिच्या चुलीमागच्या भिंतीवर होता. वनजाने कोळशाने लिहिलेला. पेज ढवळताना, मासे परतताना तिने तो रोज बघितलेला. नंतर एकदा तिने मला तो शिकवला तसाच तिने तो इंग्रजी आकड्यांत ओळखला: आधी उलटी टाकलेली खुर्ची, मग काठी, मग एकावर एक दोन अंडी, मग एकटं अंडं, आणि शेवटी पोटुशी बाई.

ती खिडकीत उभी राहून पानावरून बोट फिरवू लागली. खालून वर. वाचणाऱ्याला जे उलटं, ते तिला सरळच. आम्ही काम करायचं विसरलो. तिचं बोट एका जागी पोचलं, पुढे गेलं आणि परत आलं.

“नाणी. ये इकडे.”

मी गेले. पेपराची घडी जिथं पडते, तिथं पाचच्या आणि नऊच्या मधे तो होता. किंचित चुरगळलेला. पण होता. एक्केचाळीस हजार आठशे सहा.

“आहे,” मी म्हटलं. “आपल्यातही आहे.”

एक क्षणभर शेड उसळली. आणि दुसऱ्याच क्षणी, चुलीवर पाणी पडावं, तशी बसली. कारण तोवर सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. आपला चुकला नव्हता. त्यांचाही चुकला नव्हता.

“दोनदा वाचलं त्यांनी,” कोणीतरी हळूच म्हणालं.

“म्हणजे...” पोक्कनच्या हातातली विडी तशीच राहिली. “म्हणजे मागच्या महिन्यात तो मंत्री घोड्यावरून पडला, तो खरंच पडला का?”

मला आठवलं, गेले काही महिने बारीक बातम्या एट्टन फार भराभर सांगत. आणि मोठ्या मथळ्याखालची बातमी कधी कधी इतकी छान, इतकी त्यांच्याच बोलण्यासारखी असे.

“तो बिचारा उन्हातून तीन मैल गेलाय,” पोक्कन म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “लग्नात मीच होतो त्याचा करवला. त्या स्टुलाशिवाय काय आहे रे त्याला?”

मग बोलला तो भास्करन. ‘जनरश्मी’चा अंक एक दिवस उशिरा आला तरी ज्याला जेवण जात नसे, तो भास्करन.

“आपल्या पेपराचीच चूक झाली असं राहू दे,” तो म्हणाला. “पेपर मोठा आहे. त्याला झेपेल.”

कोणी मत घ्यायचं म्हटलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही खरं न मानणारी आमची शेड पाहिलेलं न पाहिलेलं करायला एका क्षणात तयार झाली. चिरुतेच्चीने पेपराची घडी घातली आणि आपल्या सुपाखाली सरकवली.

तीन वाजता चात्तूएट्टन आले. छत्री मिटलेली, काखेत. उघडायचीच विसरले असावेत. तोंड लालबुंद, शर्ट अंगाला चिकटलेला.

“पाहिलं!” फाटकातूनच ते ओरडले. कधी न चढणारा तो आवाज. “चिरुते, या डोळ्यांनी पाहिलं! हेडमास्तरांनी वही उघडली, बोट ठेवून दाखवलं. पास! गणितात बहात्तर!”

चिरुतेच्चीने पदरात तोंड घातलं. दिवसभराचं जे होतं ते तेव्हा आलं. बायका तिच्याभोवती जमल्या, कोणी चहा सांगितला, पोक्कनने गूळ आणवला. वनजाला निरोप गेला. चात्तूएट्टन पंच्याने मान पुसत सगळ्यांकडे असे बघत होते, जसे काही त्यांच्याच घरी पाळणा हलला.

मग ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, “नाणी, कागद घे. लिही.”

“काय लिहू?”

“‘जनरश्मी’च्या संपादकांना. लिही, कॉम्रेड, आपल्या आजच्या अंकातल्या निकालात क्रमांक एक्केचाळीस हजार आठशे सहा छापायचा राहून गेला. तुम्हाला तो एक आकडा. पण त्यामुळे आमच्या इथल्या एका विडी कामगार बाईची मुलगी सहा तास नापास होती. आम्ही तुमचा पेपर एकोणतीस वर्षं वाचतो. आपल्या माणसाची चूक आपल्याच माणसाने सांगायची असते, म्हणून लिहितो. चूक झाली असं उद्याच्या अंकात छापा. पहिल्या पानावर छापा.”

माझी पेन्सिल मधेच थांबली होती. त्यांच्या लक्षात आलं नाही.

“राहू द्या ना एट्टा,” भास्करन म्हणाला. “पोर पास झाली, संपलं.”

“तू म्हणतोस हे? सेक्रेटरी तू?” ते हसले. “संपलं कसं? उद्या दुसऱ्या कुठल्या पोरीचा राहिला तर? आणि तिच्या गावात त्यांचा पेपर येत नसला तर? ती विहीर जवळ करील, भास्करा. नाणी, पान नंबर घाल. पेपर कुठाय?”

कोणी वर बघेना.

“इथं ठेवला होता. स्टुलावर.”

“तंबाखू बांधायला घेतला वाटतं कोणी,” भास्करन म्हणाला.

“आजचा? आजचा पेपर?” ते एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले. बारीक अक्षर दिसत नसेल, पण माणसांचे चेहरे त्यांना अजून स्वच्छ दिसत होते. “भास्करा. कोणी घेताना पाहिलं की ऐकलं?”

भास्करन कात्रीकडे बघत राहिला.

चिरुतेच्चीने सूप बाजूला ठेवलं. पेपर काढला आणि उठली. पोक्कनने तिच्या लुगड्याचं टोक धरलं. “चिरुते, बस खाली,” तो पुटपुटला. तिने टोक सोडवून घेतलं.

“एट्टा,” ती म्हणाली, “तुम्ही माझ्या पोरीसाठी उन्हातून गेलात. तुमच्या नावावर मी खोटं पत्र कसं जाऊ देऊ?”

तिने पान उघडलं, घडी तळहाताने सपाट केली आणि त्या नंबराखाली बोट ठेवलं.

त्यांनी पेपर घेतला. लांब धरला. खिडकीकडे नेला. जवळ आणला, इतका जवळ की नाक टेकलं. मान वाकडी केली, एक डोळा मिटला. बाहेर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मी मनात म्हणत होते, दिसू दे. आणि म्हणत होते, नको दिसू दे.

“आहे,” ते म्हणाले.

“घडीवर आलाय, एट्टा,” मी घाईघाईने म्हटलं. “कोणालाही नसता दिसला. आणि शाईपण पुसट—”

“शाई चांगली आहे, नाणी.”

माझ्या हातातलं ते अर्धं पत्र त्यांनी मागून घेतलं आणि त्याची घडी घालून खिशात ठेवली. मग पंच्याने स्टूल पुसलं, सकाळी पुसत तसं, आणि बसले. हातात काहीच नव्हतं. तरी हात पेपर धरावा तसे समोर आले, आणि ते वाचू लागले. रोजच्याच आवाजात. ना हळू, ना भरभर.

“चूक झाल्याबद्दल. आज सकाळी या शेडमध्ये वाचलेल्या निकालात क्रमांक एक्केचाळीस हजार आठशे सहा राहून गेला. पेपरात तो होता. वाचणाऱ्याला दिसला नाही. गेल्या पावसाळ्यापासून वाचणाऱ्याला बारीक अक्षर दिसत नाही, आणि ही गोष्ट त्याने ऐकणाऱ्यांपासून लपवली. जिथं दिसलं नाही, तिथं त्याने स्वतःच्या मनचं सांगितलं. या काळातल्या बारीक बातम्या ऐकणाऱ्यांनी दुसरीकडून तपासून घ्याव्यात. चिरुता आणि वनजा यांची वाचणारा क्षमा मागतो.”

ते थांबले. कोणीतरी काहीतरी विचारायला हवं होतं, प्रत्येक बातमीनंतर विचारायचं तसं. पोक्कनने पंच्यात नाक शिंकरलं.

“मंत्री पडला होता,” चात्तूएट्टन त्याच्याकडे बघून म्हणाले. “घोडा माझा.”

आणि मग आम्ही हसलो. सगळे. रडणारेसुद्धा.

भास्करन म्हणाला, “कोळिकोडला डोळ्यांचं ऑपरेशन होतं. युनियनतर्फे मी—”

“होईल तेव्हा होईल. तोवर ऐकणाऱ्यांनी उपाशी राहायचं का?” ते स्टुलावरून उतरले आणि पेपर माझ्या हातात दिला. “नाणी, तुझी सातवी झालीय. चढ.”

“मी? मला नाही जमायचं, एट्टा!”

“मलाही नव्हतं जमत. दोन वर्षं लोक झोपायचे माझ्या वाचनाला.”

स्टूल खालून दिसतं त्याहून पुष्कळ उंच होतं. तिथून सगळ्यांची डोकी दिसत होती, तेलाने चोपडलेली, पिकलेली, आणि ती सगळी माझ्याकडे वर वळलेली. मी पहिलीच बातमी हाताला लागेल ती धरली आणि सुटले.

“अगं, बस सुटतेय का तुझी?” पोक्कन ओरडला. “श्वास घे!”

मी श्वास घेतला. पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. चात्तूएट्टन चिरुतेच्चीच्या शेजारी चटईवर मांडी घालून बसले होते. कोणीतरी जास्तीचं सूप त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी चिमूटभर तंबाखू घेतली, पान तळहातावर धरलं आणि वळायला लागले. एकोणतीस वर्षांनी. बोटं वरच्यावर अडखळत होती. पान त्यांनी उलटं धरलं होतं, शिरा बाहेर.

मी वाचत होते आणि चिरुतेच्ची माझ्याकडे बघत ऐकत होती. मान न वळवता तिने त्यांच्या हातातलं पान काढून घेतलं, उलटं केलं आणि परत त्यांच्या तळहातावर ठेवलं.